हलची वेस

प्रिय दिन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, इंग्लंडचा पहिला चार्ल्स राजा आणि पार्लमेंट यांचं भांडण कराचं आणि धर्माचं होतं. बरोबरच आहे. पण मला विचारशील तर त्यांच्यातल्या यादवी युद्धाची ठिणगी पडली ती दारूगोळ्याच्या कोठारावरून. तेव्हा घाईत सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

स्कॉटलंडशी लढायला जमवलेल्या तोफा, बंदुका, दारू १६४० नंतर यॉर्कशरच्या हल बंदरात पडून होती. लंडनच्या टॉवर किल्ल्याखालोखाल मोठा साठा हाच. जानेवारी १६४२ मध्ये पाच सभासदांना पकडायला राजा स्वतः पार्लमेंटात घुसला, ते निसटले, आणि आठवड्याभरात त्यालाच लंडन सोडावं लागलं. मग त्याची सगळी नजर हलवर. त्याने तिथे आपल्या बाजूच्या सरदाराला, न्यूकॅसलच्या अर्लला नेमलं, पार्लमेंटने सर जॉन हॉथमला. एका कोठाराला दोन किल्लेदार! ताबा मिळाला हॉथमला.

२२ एप्रिलला राजाचा आठ वर्षांचा मुलगा जेम्स हलमध्ये पाहुणा म्हणून आला. त्याची नीट सरबराई झाली. दुसऱ्या दिवशी सुमारे तीनशे स्वार घेऊन खुद्द राजा बेव्हर्ली वेशीपुढे उभा, आणि वेस बंद. हॉथम तटावर आला, गुडघे टेकले, आणि म्हणाला की पार्लमेंटने सोपवलेली जबाबदारी मोडून मी आपल्याला आत घेऊ शकत नाही. मोजकेच स्वार घेऊन येतो, असंही राजाने सांगून पाहिलं. नाहीच. शेवटी वेशीबाहेरच राजाने हॉथमला राजद्रोही ठरवलं. दिन्या, या प्रसंगाशी मी दरवेळी अडखळतो. त्या माणसाला राजापुढे उभं राहून नकार देता येईना, पण वेसही उघडता येईना.

राजाचा मुद्दा मला हलका वाटत नाही. हा साठा माझ्या पैशाने घेतलेला, गाव माझं. माझा हक्क असा हिरावला जात असेल तर रयतेच्या घरा-जमिनीवर तिचा हक्क कसला? पार्लमेंटचं उत्तर असं, की राज्यातली गावं, किल्ले, कोठारं ही राजाची खाजगी मालमत्ता नव्हे, राज्याच्या हितासाठी त्याच्याकडे सोपवलेली ठेव आहे. मला हे मनापासून पटतं. पण ठेव कुणी सांभाळायची, हे ठरवायचा अधिकारही पार्लमेंटने राजाच्या संमतीशिवाय आपल्याकडे घेतला. मार्चमधला सैन्यावरच्या ताब्याचा हुकूमही तसाच निघाला होता. इथे मी अजून अडलोय.

पुढे बराचसा साठा जहाजांनी लंडनला गेला. राणी आधीच जवाहीर घेऊन हॉलंडला शस्त्रं मिळवायला गेली होती. २२ ऑगस्टला राजाने नॉटिंगहॅमला युद्धाचं निशाण उभारलं.

आणि हॉथम? वर्षभरात त्याचं मन फिरलं, राजपक्षाशी गुप्त पत्रव्यवहार उघडकीला आला, आणि १६४५ च्या जानेवारीत पार्लमेंटनेच त्याचं आणि त्याच्या मुलाचं डोकं उडवलं.

त्या वेशीचा विटांचा पाया हलच्या भर बाजारात, रस्त्याच्या पातळीखाली आजही दिसतो. तू लीड्सला लेकीकडे जाणारच आहेस. हल तिथून रेल्वेने तासाभरावर. जाऊन ये, आणि त्या विटांचा फोटो मला पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अण्णा