काका, त्या दिवशी गप्प बसलात त्याबद्दल

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. फोनवर तीन वेळा आभार मानून पाहिले. तिन्ही वेळा तुम्ही "बरां बरां, जेवलंस?" म्हणून विषय बदललात. लिहिलेलं मात्र मध्येच तोडता येत नाही. शिवाय तुम्ही देवगडला परत गेल्यापासून इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये निदान दहा मराठी घरांतून मला विचारणा झाली आहे, की शिडाची बोट ठेवणं आपल्यासारख्यांना जमतं का, खर्च किती, बुडत नाही ना. त्यांनाही परस्पर उत्तर मिळेल.

मी साताऱ्याचा. पाण्याशी माझा संबंध संगम माहुलीच्या घाटावर गुडघाभर पाण्यात उभं राहण्यापुरता. असल्या माणसाने १९७८ सालची कॅटालिना २२ ही शिडाची बोट ट्रेलरसकट अठराशे डॉलरला का घेतली, याचं पटेल असं उत्तर मी बायकोलाही अजून दिलेलं नाही. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "पाण्यात टाका आणि निघा." प्रत्यक्षात ती निळ्या ताडपत्रीखाली आमच्या ड्राइव्हवेवर चौदा महिने पडून होती आणि मी रोज सकाळी गाडी काढताना तिच्याकडे न बघण्याचा सराव करत होतो.

पाडव्याची संध्याकाळ तुम्हाला आठवते का? गुढी उतरवायला मी बाहेर आलो, तर कानटोपी आणि जावयाचं जाकीट घातलेले एक गृहस्थ ताडपत्रीचा कोपरा उचलून आत बघतायत. टाउनशिपचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, कुणी तक्रार घेऊन आला असेल म्हणून मी इंग्रजीत विचारलं. तुम्ही हातातल्या गुढीकडे बघून मालवणीत म्हणालात, "हिका सुकत कित्याक घातलंस?" मी सांगितलं, डोलकाठी उभी करायलाच येत नाही. साडेसात मीटरची आहे, भीती वाटते. तर तुम्ही म्हणालात, गुढी उभारतोस ना, तशीच ती, जरा लांब एवढंच.

तुमची तीस-पस्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून गेली. पण लोकांना वाटतं तसं तुम्हाला सगळं आधीच ठाऊक होतं असं काही नव्हतं, आणि हे इथे लिहिलेलं तुम्हाला आवडेल. पोटातली कील, म्हणजे बुडाखालचं जड पातं, वर-खाली करणारी बोट तुम्ही जन्मात पाहिली नव्हती. पहिल्यांदा वाकून बघितलंत आणि हसलात, म्हणालात हे खेळणं आहे. मग तासाभराने पुन्हा वाकलात.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. या बोटीचा आराखडा कॅलिफोर्नियाच्या फ्रँक बटलर यांचा. १९६९ साली ती बाजारात आली आणि तेव्हापासून पंधरा हजारांहून जास्त बांधल्या गेल्या, म्हणून सुटे भाग आजही मिळतात. जुनी बोट घ्यायची तर असलीच घ्यावी, हे माझं मत. बुडाखाली सुमारे अडीचशे किलोचं बिडाचं पातं असतं, तीच कील. ती पूर्ण खाली सोडली की बोटीला दीड मीटर पाणी लागतं. विंचने, म्हणजे हँडलने फिरवायच्या छोट्या रहाटाने, वर ओढली की साठ सेंटिमीटरमध्ये भागतं, आणि म्हणूनच ती ट्रेलरवर बसते. हे सगळं वजन पुढच्या बाजूला एका इंचभर जाडीच्या पिनवर लटकतं आणि मागच्या बाजूला एका तारेवर. केबिनमधली पायरी उचलली की विंच दिसतो.

ती पिन काढून बघायचा हट्ट तुमचा. मला शिडं धुवायची होती, दोऱ्या बदलायच्या होत्या, थोडक्यात फोटोत दिसेल ते करायचं होतं. तुम्ही म्हणालात, फाटलेल्या शिडाने माणूस घरी उशिरा येतो, एवढंच. मग तीन शनिवार ड्राइव्हवेवर गेले. हार्डवेअरच्या दुकानातून सहा-सहा इंची चौकोनी लाकडं आणली, तुम्ही ती आडवी-उभी रचून चार मनोरे उभे केलेत, आणि जॅकने बोट दर वेळी बोटाच्या जाडीएवढीच वर. बोटभर झालं की खाली लाकूड सरकवायचं, मग पुढचं बोट. शेजारचा गुजराती मुलगा खुर्ची टाकून बघत बसायचा. चौथ्या बोल्टला मी पान्यावर उभा राहिलो तेव्हा कुठे तो बोल्ट हलला.

पिन बाहेर आली. तुम्ही ती शर्टाला पुसलीत (त्या शर्टाबद्दल तुमच्या मुलीची मी आजही माफी मागतो), माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, नख फिरव. माझं नख मधोमध खाचेत अडकलं. एका बाजूने कांडी डमरूसारखी झिजली होती. पन्नासेक वर्षांत ब्राँझ झिजणारच, त्यात कुणाची चूक नाही. पण मी त्याच पिनवर बायको-मुलीला बसवून निघणार होतो. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. फक्त चहा मागितलात.

तारही आपण बदलली. जुन्या तारेवरून तुम्ही कापसाचा बोळा फिरवलात आणि जिथे जिथे तंतू तुटले होते तिथे कापूस चिकटून राहिला. हा प्रकार मी तेव्हापासून भेटेल त्याला दाखवतो, जणू मीच शोधून काढलाय.

बोट पाण्यात गेली ती जूनमध्ये, टॉम्स रिव्हरला. रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, पोचल्यावर सगळे जण घाईत असतात, मागे रांग लागते, कुणी हॉर्नही वाजवतो. तुम्ही उतरून आधी ट्रेलरच्या चारी चाकांच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, पालथा हात ठेवलात, पोराला ताप आहे का बघतात तसा. तासभर पळून हब तापलेले असतात, तसेच थंड खाऱ्या पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते, पाणी आत ओढलं जातं, आणि बेअरिंगचा गंज पुढच्या वर्षी हायवेवर कळतो. म्हणून बाजूला थांबून दडपे पोहे खायचे. डोलकाठी उभी करायच्या आधी मान वर करून विजेच्या तारा बघायच्या, रोज, तोच रॅम्प असला तरी. नारळ तुम्ही फायबरवर फोडू दिला नाहीत. ट्रेलरच्या लोखंडावर फोडलात.

आणि मग तो रविवार.

मला वाटतं आमच्या चौथ्या-पाचव्या फेरीचा असावा. सकाळी बार्नेगाट बे, म्हणजे समुद्रालगतची खाडी, तेल ओतल्यासारखा होता. हा बे चाळीस मैलांहून लांब, पण खोली सरासरी दीड मीटर. म्हणजे कील पूर्ण खाली असेल तर आमच्या बोटीची खोली आणि बेची सरासरी खोली एकच. हे गणित मी आदल्या रात्री तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. टाइसेस शोल या उथळ जागी जायचं, नांगर टाकायचा, आयलंड बीचची पट्टी चालत ओलांडून पलीकडे अटलांटिक बघून यायचं, असा बेत. साडेबारा वाजता पाण्यावर काळपट रेघ दिसली. तुम्ही हनुवटीने दाखवलीत. खारे वारे. शाळेत भूगोलाच्या पेपरात दोन मार्कांना येणारे ते खारे आणि मतलई वारे. मी पाठ केले होते, अंगावर कधी घेतले नव्हते. जमीन तापली, तिच्यावरची हवा वर गेली, समुद्रावरची आत घुसली, आणि पंधरा मिनिटांत मोठ्या शिडाला रीफ घ्यावा लागला, म्हणजे ते थोडं गुंडाळून लहान करावं लागलं. तो रीफ तुम्ही आधीच बांधून ठेवायला लावला होतात.

आता मला खूप येतं असं वाटायला लागलं होतं. बोट एका अंगावर कलून दक्षिणेला चालली होती, सुकाणू माझ्या हातात, पुढे हिरवा मार्कर, म्हणजे पाण्यातली वाट दाखवणारी खूण. बोट चालवायच्या कोर्समध्ये शिकवलेलं घोकत होतो, समुद्रावरून परत येताना लाल उजवीकडे. आपण परत येत नाही, घरून निघालोय. म्हणजे उलट. हिरवा उजवीकडे. मी हिरवा छान उजवीकडे ठेवला आणि त्याच्या पूर्वेने गेलो.

आधी कीलची तार गुणगुणायची थांबली; बोट वेगात असली की ती गुणगुणते. मग खालून गादीवर बसल्यासारखा एक मऊ धक्का, आणि बोट थांबली. शिडं फडफडतायत, मी इंजिन सुरू करून रिव्हर्सला पूर्ण ताकद देतोय, मागे पाणी चहासारखं झालंय, मुलगी विचारतेय बाबा आपण बुडतोय का, बायको मुलीकडे नाही, माझ्याकडे बघतेय. आणि तुम्ही कठड्याला टेकून, टोपी डोळ्यांवर ओढून, दोन्ही हात मांडीवर. मी म्हणालो, काका! तुम्ही म्हणालात, "हां." बस.

त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला होता, हे आज कबूल करतो. दोन-तीन मिनिटं असतील. मग मी इंजिन बंद केलं, कारण ते काहीच करत नव्हतं. शिडं उतरवली. आवाज थांबल्यावर आठवलं की बोटीच्या पोटात विंच आहे. आत गेलो, पायरी उचलली, हँडल लावलं. पहिले काही फेरे हलके गेले, कारण वाळूला लागून कील मागे वळली होती आणि तार सैल पडली होती. मग वजन आलं. पंचवीसेक फेऱ्यांनंतर बोट एकदम जिवंत झाल्यासारखी डुलली. मी वर आलो, इंजिन लावलं आणि जिथून आलो होतो तिथे, हिरव्याच्या पश्चिमेला जाऊन थांबलो. हात इतके थरथरत होते की पाण्याची बाटली उघडेना, ती मुलीने उघडली.

मग तुम्ही टोपी वर केलीत. "आता सांग, हिरवो खंयच्या हाताक व्हयो होतो?"

तुम्ही समजावलंत ते मी त्याच दिवशी वहीत उतरवलं. या बेमधून अमेरिकेचा इंट्राकोस्टल, म्हणजे किनाऱ्याच्या आतून जाणारा, जलमार्ग जातो. त्यावर घर आणि समुद्र असा हिशेब नसतो. अटलांटिकच्या किनाऱ्याने दक्षिणेला जाणारा तो 'परत येणारा' धरायचा, मग तुम्ही घरून निघालेले असा नाहीतर घरी चाललेले. म्हणजे दक्षिणेला जाताना लाल उजवीकडे, मुख्य भूमीच्या बाजूला, आणि हिरवा डावीकडे. मार्करवर छोटी पिवळी खूण असते ती यासाठीच. आणि तुमची दुसरी गोष्ट ऐकून तर मी चाटच पडलो. जगातच दोन पद्धती आहेत. मुंबई बंदरात शिरताना लाल डावीकडे राहतो, न्यूयॉर्कमध्ये शिरताना उजवीकडे. एकाच जहाजावर, एकाच नोकरीत, तुम्ही दोन्ही सांभाळलंत. म्हणजे माझी चूक तुम्हाला ती होण्याआधीच दिसली होती. हिरवा मार्कर उजवीकडून सरकला तेव्हा तुमचे डोळे उघडे होते. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"रेव आसा रे खाली, खडप न्हय. देवगडाक असतंय तर बोंबललो असतंय."

काका, मला नोकरीत बावीस वर्षं झाली. चूक दिसली की झडप घालून दुरुस्त करणारे वरिष्ठ मला भरपूर भेटले, चूक होऊ देऊन नंतर मेल पाठवणारेही. खाली वाळू आहे की खडक हे आधी बघून मग गप्प बसणारं माणूस मला एकदाच भेटलं. त्या दोन-तीन मिनिटांबद्दल हे आभार. पिन, तार, हब या सगळ्याबद्दलही आहेतच. पण ते काम पैसे देऊन कुणाकडूनही करून घेता आलं असतं.

ज्यांनी खर्च विचारला त्यांना: बोटीच्या किमतीपेक्षा पहिल्या वर्षी जास्त लागले, त्यात निम्मे टायर, बेअरिंग आणि विमा. दुसऱ्या वर्षी बरेच कमी. बुडण्याबद्दल म्हणाल तर आमची अजून बुडालेली नाही.

यंदा तुम्ही नाहीत म्हणून ऑक्टोबरमध्ये बोट मी आणि मुलीनेच बाहेर काढली. मुलगी आता अकरा वर्षांची. डोलकाठी उतरवताना मी दोरी हातात घेतली तर ती म्हणाली, "बाबा, आधी वर." तारा आहेत तिथेच होत्या. मी बघितल्या.

सौ. काकूंना नमस्कार. ताईला तुमच्या रक्तदाबाचं विचारतो तर ती म्हणते तुम्हालाच विचार, तेव्हा खरं सांगा.

आपला,
एडिसनचा कोरडवाहू खलाशी

ता. क. जुनी पिन तुमच्या बॅगेत सापडली म्हणून विमानतळावर जी अर्धा तास चौकशी झाली, तिचा दोष माझ्यावर टाकू नका. ती मी दिली नव्हती, तुम्ही मागून घेतली होती. आणि हो, नवी तारही गुणगुणते. बोटीचा वेग चार नॉटच्या वर गेला की सुरू होते. तुम्ही म्हणायचात, गाते तोवर कील खाली आहे, गप्प झाली की बघ. फोनवर रेकॉर्ड केलं आहे, रात्री पाठवतो. कानातलं यंत्र लावून ऐका.