भरतीला पळणाऱ्या पोरांबद्दल शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

सैन्यभरतीबद्दलचं पत्र शिक्षणमंत्र्यांना कशाला, असं आपल्या कार्यालयातलं कोणीतरी म्हणेल आणि 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून ते दिल्लीला पाठवून मोकळं होईल. म्हणून आधीच सांगतो. किती जवान घ्यायचे आणि किती वर्षांसाठी घ्यायचे, ते दिल्लीने ठरवावं. पण सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या पोराला दहावीनंतर भरतीशिवाय दुसरं काही सुचत नाही, याचा जाब मुंबईलाच द्यावा लागेल, आणि त्यातही आपल्या खात्याला.

मी खटाव तालुक्यात अकरावी-बारावीला गणित शिकवतो. पटावर मुलं भरपूर आहेत. वर्गात मुली असतात आणि मागच्या बाकांवर दोन-चार मुलगे. बाकीचे 'अकॅडमीत टाकलेत', म्हणजे भरतीची तयारी करून घेणाऱ्या खाजगी निवासी वर्गांत. नाव आमच्याकडे, राहणं-जेवण-पळणं तिकडे, परीक्षेला फक्त हजर. पालकांना विचारलं तर ते म्हणतात, "सर, तुमच्याकडं बसून काय व्हणार हाय?" यावर माझ्याकडे ठोस उत्तर नसतं. भौतिकशास्त्राला तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात, मानधन रखडलं की येत नाहीत. प्रयोगशाळेला कुलूप असतं. गावाजवळच्या आयटीआयमध्ये पोराला हवा तो ट्रेड मिळाला तर नशीब.

आमच्या जिल्ह्यात पुढाऱ्यांचं भाषण 'सैनिकांचा जिल्हा' या शब्दांशिवाय सुरू होत नाही. ते खोटं नाही. अपशिंगे या एका गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि गावाच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लागतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीत घरातल्या तीन-तीन पिढ्या गेलेली कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत, आणि त्यांच्यापुढे मी मान तुकवतो. पण जिल्ह्याच्या पूर्व भागातला माणूस दुसरी बाजूही सांगेल. इथे पाऊस पडत नाही. पोट भरायला पूर्वापार ठरलेल्या वाटा होत्या : मुंबईच्या गिरण्या, माथाडीचं काम, सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, परमुलूख, आणि फौज. 1982च्या संपानंतर गिरण्यांची वाट बुजली. गलाईला घरातलं कोणीतरी आधी बसलेलं लागतं. राहिली फौज. तिच्यात पगार होता, पेन्शन होतं, कँटीनचं कार्ड होतं आणि गावात मान होता. या सगळ्याला आपण 'परंपरा' म्हणतो. त्यात निम्मी देशभक्ती असेल, निम्मा दुष्काळ आहे. हे बोलून दाखवलं म्हणून देशभक्तीला उणेपणा येत नाही.

एका मुलाची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. दहावीला चांगले गुण, गणितात विशेष चांगले. अकरावीला आमच्याकडे नाव घातलं आणि अकॅडमीत गेला. फी भरायला घरची म्हैस विकली. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढायचा, बीम (पुल-अप) दहा मारायचा, म्हणजे दोन्हींत पूर्ण गुण. ग्राउंडवर उंचीची पट्टी लागली आणि 167 सेंटिमीटर भरली. महाराष्ट्रातल्या मुलाला जीडीसाठी (जनरल ड्यूटी, म्हणजे साधं शिपाईपद) 168 लागते. भरती करणाऱ्या साहेबाने नियमाप्रमाणे बाहेर काढला, त्याचं काहीच चुकलं नाही. अकॅडमीने मात्र आत घेताना पट्टी लावली नव्हती, किंवा लावली असेल तर सांगितलं नव्हतं. वाढेल की, बारला लटकत जा, असं सांगून दुसऱ्या वर्षाची फी घेतली.

मला खरी चुटपूट पुढच्या गोष्टीची आहे. त्याच सैन्यात क्लार्क पदाला उंची 162 चालते. अट अशी की बारावीला एकूण 60 टक्के हवेत आणि प्रत्येक विषयात पन्नास, त्यात इंग्रजी आणि गणित किंवा हिशेबाचा विषय असायलाच हवा. हा मुलगा वर्गात बसला असता तर ते गुण त्याने सहज मिळवले असते. तो वर्गात नव्हता, कारण तो भरतीची तयारी करत होता. पास झाला, पण 48 टक्क्यांनी. महाराष्ट्र पोलिसांना 165 चालते, म्हणून आता तिकडे पळतो आहे. 2024 साली पोलीस भरतीच्या सतरा हजारांवर जागांना सतरा लाखांवर अर्ज आले होते. एका जागेला शंभर. त्या शंभरातले किती जण शाळेत एकेकाळी हुशार म्हणवले जात होते, हे कोणी मोजत नाही.

2023पासून सैन्याने क्रम उलटा केला : आधी संगणकावर लेखी, मग ग्राउंड. म्हणजे लेखीत अडकलेल्या पोराला पळून दाखवायची संधीच मिळत नाही. ही परीक्षा आता मराठीतही देता येते, ती अडचणही गेली. प्रश्न शाळेतल्या गणित-विज्ञानाचे असतात. तरीही गावाचा समज असा की भरती म्हणजे पाय. पहाटे चारला रस्त्यावर रिफ्लेक्टरची पट्टीसुद्धा नसलेली पोरं ट्रकच्या बाजूने पळत असतात. सरासरी आणि शेकडेवारी मात्र सातवीपासून कच्ची. अकॅडमीच्या जाहिरातीवर घाम गाळणारं पोरगं दिसतं, पुस्तक उघडलेलं दिसत नाही. ही शेकडेवारी शिकवायचं काम आमचं होतं, हेही कबूल करायला हवं.

आपलं खातं दरवर्षी 7 नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस साजरा करायला सांगतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला तो दिवस. शिक्षक भाषणं करतात. बाबासाहेबांच्या वडिलांबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्या काळी फौजेत गेलेल्या महार शिपायाच्या घरात अक्षर येत असे, गावात येत नसे. म्हणूनच 1890च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चं खूळ काढून महारांची भरती बंद केली, तेव्हा फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. त्या समाजासाठी तो पगाराइतकाच शाळेचाही प्रश्न होता. तेव्हा फौजेच्या वाटेने माणसं शाळेपर्यंत पोहोचत होती. आज आमचं कनिष्ठ महाविद्यालय भरती निघेपर्यंत थांबायची वेटिंग रूम झालं आहे.

अग्निपथ, म्हणजे 'अग्निवीर' म्हणून जवान घेण्याच्या केंद्राच्या योजनेबद्दल थोडकंच लिहितो, कारण त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ ओरडून झालं आहे. चार वर्षं सेवा, पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम, उरलेल्यांना साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. गावाने हे फार लवकर ओळखलं. पूर्वी 'मुलगा फौजी' एवढ्यावर स्थळं यायची. आता मुलीचा बाप विचारतो, "कायम झालाय का?" चौकात 'अग्निवीरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'चा फ्लेक्स लागतो, गुलाल उडतो, आणि त्याच फ्लेक्सखाली बसून माणसं हिशेब करतात की पोरगा बावीस-तेविसाव्या वर्षी परत आला तर काय करील. शहरातल्या कौतुक करणाऱ्यांना हा हिशेब करावा लागत नाही, त्यांच्या घरातलं कोणी त्या फ्लेक्सवर नसतं. हे टोचून लिहितोय, पण एकदा लिहायचंच होतं.

सैन्याच्या त्या पहिल्या अग्निवीरांचं प्रशिक्षण जानेवारी 2023मध्ये सुरू झालं. चार वर्षांचा हिशेब आपणच करा. कायम न झालेली मुलं परत गावी येतील. केंद्राने 2022मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत दहा टक्के जागा ठेवल्याचं जाहीर केलं. दहावीवर गेलेल्यांना मुक्त शाळेतून बारावीचं प्रमाणपत्र आणि इग्नूची पदवी, अशीही सोय सांगितली आहे. ते प्रमाणपत्र आपल्या राज्यात कुठे कुठे चालणार, यावर आमच्या कार्यालयात एक कागद नाही. मुलगा विचारायला येईल तेव्हा लिपिकाने त्याला काय सांगायचं?

मागण्या फार नाहीत. नववी-दहावीतच प्रत्येक मुलाची उंची, छाती, नजर, रंग ओळखण्याची तपासणी, तळपाय आणि गुडघे पाहून लेखी कागद पालकांच्या हातात द्या. शाळांत आरोग्य तपासणीची पथकं येतातच, त्यांच्या तक्त्यात चार रकाने वाढवावे लागतील. सपाट तळव्याच्या पोराला ते पंधराव्या वर्षी फुकट कळावं, विसाव्या वर्षी लाखभर घालवून नको. निवासी अकॅडम्यांची नोंदणी सक्तीची करा. फी, प्रवेशावेळची मोजमापं आणि निवडीचे दावे तपासा. आमच्यासारख्या ठिकाणी गणित-विज्ञानाची रिक्त पदं भरा, आणि पटावरची बनावट हजेरी खपवून घेणाऱ्यांना जाब विचारा. त्यात आमचाही नंबर लागेल, लागू दे.

आणखी एक. खडकवासला आमच्यापासून काही तासांवर आहे. तिथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या एनडीएतून, मे 2025मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. छत्रपती संभाजीनगरला 1977पासून राज्याचीच सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, नाशिकला मुलींसाठीही सुरू झाली. हे आमच्या दहावीच्या वर्गात विचारा, हात वर होणार नाहीत. 'सैनिकांच्या जिल्ह्यात' पोराला शिपाई व्हायचं कसं हे पानवाल्यापासून सगळे सांगतात. अधिकारी व्हायचा अर्ज कधी निघतो, हे सांगायला कोणी नाही. सांगितलं तरी एनडीएच्या प्रवेश परीक्षेतला तीनशे गुणांचा गणिताचा पेपर कुलूपबंद वर्गातून सुटत नाही.

ज्याला फौजेत जायचंय त्याने खुशाल जावं, मी त्याला स्टँडवर सोडायला जाईन. पण तो दोन-तीन वाटा बघून, त्यातली ही निवडून गेलेला असावा.

प्रवेशाची प्रक्रिया सुरू व्हायच्या आत वरच्या कागदाबद्दल, म्हणजे परत येणाऱ्या अग्निवीरांच्या प्रमाणपत्राबद्दल, शासन निर्णय काढता आला तर पाहावं. बाकीचं वेळ घेईल, हे मलाही कळतं.

आपला,
खटाव तालुक्यातील एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक