पिल्लाची आई दाखवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कुत्र्यांची पैदास मोठ्या केनेलवाल्यांनीच करावी, घरगुती ब्रीडर म्हणजे नुसते हौशे-गवशे, अशा आशयाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मोठ्या ठिकाणी डॉक्टर येतो, नोंदी ठेवतात, लसी वेळेवर होतात, फरशी दिवसातून दोनदा धुतात, असा पत्रलेखकाचा मुद्दा. मी पशुवैद्य आहे. यातलं निम्मं मला मान्य आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

फरशी लख्ख असली तरी पिल्लाचं डोकं बिघडू शकतं. दुसऱ्या आठवड्यात त्याचे डोळे उघडतात, तिसऱ्याच्या सुमारास ऐकू येऊ लागतं, आणि तिथून पुढे बारा-चौदा आठवड्यांपर्यंत कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे ते बरंचसं ठरवून टाकतं. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेतला एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. कॉकर स्पॅनियल आणि बीगलची पिल्लं उंच कुंपणाच्या आवारात वाढवली. काहींना ठरावीक वयात आठवडाभर रोज माणसांत आणून खेळवलं, काहींना चौदा आठवडे माणसाचा संपर्कच होऊ दिला नाही. खाणंपिणं व्यवस्थित होतं, तरी ही दुसरी पिल्लं रानटी जनावरासारखी माणसापासून पळत राहिली.

आता साधा हिशेब करा. एका वेळी दहा माद्या व्यायलेल्या आणि प्रत्येकीची सहा, म्हणजे साठ पिल्लं. प्रत्येकाला रोज पंधरा मिनिटं हातात घ्यायचं तर पंधरा तास झाले. झाडलोट, खाणं, औषधं वेगळीच. हे तास कोण देणार? घरात एकच वेत असलं तर हिशेब मांडावाच लागत नाही. भांडं पडतं, बेल वाजते, एखादं पोर शेपूट ओढतं, आणि पिल्लाचं शिक्षण आपोआप होतं. मोठ्या जागेचा मालक दुष्ट असतो असं मी म्हणत नाही. तो सज्जन असला तरी त्याचे तास वाढत नाहीत.

आईची गोष्ट याहून वाईट. 'आता उपयोगाची नाही' म्हणून कुणाला तरी देऊन टाकलेल्या माद्या माझ्याकडे तपासायला येतात. तोंड उघडलं की कळतं. पिंजऱ्याच्या सळया चावून चावून सुळ्यांची मागची बाजू झिजलेली असते. कोपरांवर टणक घट्टे, आचळं लोंबलेली. अशाच एकीला मी टेबलावरून खाली उतरवलं, तर जिथे ठेवली तिथेच ती उभी राहिली. दोन पावलांवर पाण्याचं भांडं होतं, तरी हलली नाही. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि गाभण राहिली की ६३ दिवसांच्या आसपास विते. म्हणजे वर्षाला दोन वेतं शरीराला जमू शकतात. जिथे तिचं पोसणं हा खर्चाचा आकडा असतो, तिथे जमतंय म्हणून ती घेतली जातात.

छोटे ब्रीडर सगळे सोज्वळ असतात असंही नाही. पहिल्याच माजाला ओळखीचा नर लावून मोकळे होणारे मला ठाऊक आहेत. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचा दोष पिढीजात उतरतो. अमेरिकेत खुब्याच्या एक्स-रेवरून दिला जाणारा कायमचा दाखला कुत्र्याला दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. इथे सहा-आठ महिन्यांची मादी गाभण! आणि सिझेरियनशिवाय सहसा विऊच शकत नाही अशा बुलडॉगची पैदास कितीही मायेने केली, तरी तिला माया म्हणावं का, हा मला प्रश्न आहे.

माझ्या मते कसोटी दोनच. पिल्लाला दूध पाजणारी आई तिच्या जागी जाऊन पाहता येते का? आणि कुत्रं सहा वर्षांनी नकोसं झालं, तर ब्रीडर ते परत घेतो का? माझ्या परिचयाच्या एक बाई पिल्लू देण्याआधी घेणाऱ्याची अशी उलटतपासणी घेतात की निम्मे लोक रागावून जातात. 'सांभाळणं झालं नाही तर मलाच परत द्याल' असं त्या लिहून घेतात. त्यांच्या हाती पैसा उरत नाही, हे वेगळं सांगायला नको.

इंग्लंडमध्ये लुसी नावाच्या, पिल्लांच्या कारखान्यातून सोडवलेल्या मादीवरून ओळखला जाणारा कायदा एप्रिल २०२० पासून लागू आहे. सहा महिन्यांखालचं पिल्लू दलालामार्फत विकण्याचा धंदा तिथे बंद झाला. परवानाधारक ब्रीडरला जाहिरातीत परवाना क्रमांक, पिल्लाचं वय आणि ओळखता येईल असा फोटो द्यावा लागतो.

आपल्या छोट्या जाहिरातींत 'उत्तम जातीची पिल्ले मिळतील' आणि खाली एक फोन नंबर, एवढंच असतं. पिल्लाचं वय आणि 'आई जागेवर पाहता येईल' हे शब्द असल्याशिवाय अशी जाहिरात घेऊ नये, ही विनंती. काही जाहिराती कमी होतील, याची मला कल्पना आहे.

आपली,
एक पशुवैद्य
(कृपया नाव छापू नये)