दुखापत खेळाडूची, भरपाई क्लबला

महोदय,

खेळाडू जायबंदी झाला की तो किती सामन्यांना मुकणार, एवढीच चर्चा होते. भरपाईचा विषय निघाला तर ‘कोट्यवधी कमावतात, आणखी कशाला?’ हे उत्तर ठरलेलं. पण कोट्यवधी मोजक्यांच्याच नशिबी. बाकीचे ऐन तिशीत घरी बसतात आणि जिना उतरताना कठड्याचा आधार शोधतात.

कारखान्यात कामगाराचं बोट यंत्रात सापडलं, तर अपघाताची तारीख असते, साक्षीदार असतात. वर्षानुवर्षं धडका सोसून झिजलेल्या खांद्याची तारीख कोणती सांगायची? नेमकं इथेच कायदे हात आखडता घेतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कामगार भरपाई कायद्याने व्यावसायिक खेळाडूंना सरळ वगळलंय. कॅलिफोर्नियात अशा झिजेचे दावे चालत. २०१३च्या दुरुस्तीने बाहेरच्या राज्यांतल्या संघांकडून खेळलेल्या बहुतेकांना तेही दार बंद झालं. जर्मनीत मात्र पगारी फुटबॉलपटू इतर नोकरदारांसारखाच सक्तीच्या अपघात विम्यात येतो. म्हणजे अशक्य काहीच नाही.

फिफाची योजना तर मासलेवाईक. देशाकडून खेळताना फुटबॉलपटू दीर्घकाळ जायबंदी झाला, तर २०१२पासून फिफा पैसे देते. पण क्लबला, त्याच्या पगारापोटी! पगार चालू राहतो हे मान्य. करार संपल्यावर गुडघ्याची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, तर बिल कुणाच्या नावावर? खेळाडूंच्या संघटनांनी मानधनाच्या आकड्याआधी हे कलम करारात लिहून घ्यावं.

– एक क्रीडाप्रेमी वाचक