बुटावरचं मीठ

चि. माधुरीस अनेक आशीर्वाद.

बुटांचे फोटो पाहिले. पांढरे डाग कशानं जातील ते सांगतो, पण आधी एक विचारतो. उजव्या बुटाची बाहेरची बाजू, करंगळीपाशी, खरवडली आहे. पॉलिश उडून आतलं कोरं चामडं दिसतंय. नुसत्या चालण्यानं तिथं घासत नाही. माणूस आडवा पडून पाय फरफटला की घासतं. आईला तू "थोडी घसरले" एवढंच म्हणालीस. नीट सांग, किती लागलं?

डाग रस्त्यावरच्या मिठाचे आहेत. बर्फ वितळावा म्हणून टोरांटोत रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पाण्यात उतरतं आणि चामडं ते पाणी पितं. घरात आल्यावर पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. ओल जिथवर चढली तिथं ती पांढरी रेघ उठते. तुझ्या डाव्या बुटावर ती तळापासून चांगली दोन बोटं वर आहे. नुसत्या फडक्यानं पुसलीस तर दिसायची बंद होईल, पण आतलं मीठ पुन्हा ओल धरेल आणि पुन्हा वर येईल. असं होत राहिलं की चामड्यातलं तेल जातं, ते ताठ होतं आणि बोटांच्या घडीवर तडकतं.

तर आधी चिखल पुसून काढ. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घे. मऊ सुती फडकं त्यात बुडवून घट्ट पीळ. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघ, रंग उतरत नसेल तरच पुढं जा. नुसत्या डागावर घासत बसू नकोस, शिवणीपासून शिवणीपर्यंत सगळा भाग पूस, नाहीतर पाण्याची नवी कड उमटेल. मग साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पूस. आत कागद कोंब आणि रात्रभर सावलीत वाळू दे. हीटरजवळ अजिबात ठेवायचं नाही. ओलं चामडं तापलं की आकसतं, ते परत सरळ होत नाही. पूर्ण वाळल्यावर बुटाचं क्रीम हातानं जिरव, वरून मेणाचं पॉलिश. कुणी खायचा सोडा चोळ म्हणेल, ऐकू नकोस. कमावलेलं चामडं मुळात थोडं आम्ल असतं, सोड्यानं आणि कपड्याच्या साबणानं ते बिघडतं. आई खोबरेल लाव म्हणतेय. तेही नको, रंग काळवंडेल, आणि तिकडच्या थंडीत ते थिजूनच राहील.

मिठाचं मला नवल नाही. आज्जाकडं कातडी यायची ती मीठ चोळूनच. मीठ कातड्यातलं पाणी ओढून घेतं म्हणून ती कुजत नाहीत. पण कमावायच्या आधी ते सगळं मीठ धुऊन काढायला लागायचं. आज्जा कातड्याची पिशवी शिवायचा, आत बाभळीची साल आणि हिरडा भरून टांगायचा, आणि ते तांबडं पाणी कातड्यातनं थेंब थेंब गळायचं. तू खाली बसून बोटं रंगवून घ्यायचीस आणि आई तुला नळाखाली धरायची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी मी आज्जाची रापी, चामडं कापायचं हत्यार, पुसून ठेवली. तू चपलेची चामड्याची वेणी घालायला शिकलीस ती त्याच्याच पाटावर बसून. तुझ्या वेणीला पीळ सारखा असायचा. पप्याला ते अजून जमत नाही.

तुझे बूट चांगले आहेत. दाणा बारीक आहे, वासराचं चामडं असणार, आणि तळाच्या कडेला टाके दिसतात, नुसते चिकटवलेले नाहीत. माझ्या पोरीनं स्वतःच्या पगारातनं घेतले. लाईनीतल्या सगळ्यांना फोटो दाखवला.

पण तळ चामड्याचा आहे, माधुरी. गुळगुळीत. तो ऑफिसात शोभतो, बर्फावर चालत नाही. रस्त्यासाठी जाड, खोल नक्षीच्या रबराचे बूट घे, हे पिशवीत ने आणि तिथं पोचल्यावर घाल. आणि रस्त्यावर मीठ पडलंय म्हणून बिनघोर चालायचं नाही. उणे दहाच्या खाली गेलं की साधं मीठ फारसं काम करत नाही, बर्फ तसाच राहतो. गेल्या आठवड्यात तिकडं उणे पंधरा होतं, तूच म्हणालीस. मग त्या रात्री साडेनऊला एकटी चालत का आलीस? गाडी चुकली तर थांबायचं, पैसे गेले तर जाऊ देत, टॅक्सी करायची. हात खिशात घालून चालू नकोस, तोल जाताना हात मोकळे पाहिजेत. पावलं लहान टाक. फोन बघत चालू नकोस.

फार बोललो. रागावू नकोस. तू तिथं एकटीनं सगळं निभावतेस, घराच्या पत्र्यांना पैसे पाठवलेस, हे मी कुणापाशी बोललो नाही असा दिवस जात नाही. तुला अक्कल शिकवायची म्हणून हे लिहीत नाही. फोटोत बूट बघितला आणि रात्री झोप लागली नाही, एवढंच.

खरवडलेल्या जागी आधी क्रीमच लाव, थोडा वेळ मुरू दे, मग त्याच रंगाचं पॉलिश बोटानं भर. खूण राहील, पण चामडं फाटलेलं नाही. गुडघ्याचं मात्र तू काहीच बोलली नाहीस. सूज असेल तर डॉक्टरला दाखव आणि काय म्हणाले ते मला कळव, आईला नको. आत्याचा फोन आला तर तिलाही पडल्याचं सांगू नकोस, ती लगेच आईला सांगेल.

तुझा,
आबा