कमी रक्तदाबावर केळ्याचा उतारा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पानावरील घरगुती उपायांच्या चौकटीत नुकताच असा सल्ला छापून आला की, ज्यांचा रक्तदाब कमी राहतो त्यांनी सकाळ-संध्याकाळ एकेक केळे खावे, कारण केळ्यात भरपूर पोटॅशियम असते. केळ्यात पोटॅशियम असते हे खरे आहे. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. नौपाड्यात औषधांचे दुकान चालवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि ‘बीपी लो झालंय, काहीतरी द्या’ असे म्हणत काउंटरशी आलेली माणसे मी सतत पाहिली, म्हणून याविषयी लिहावेसे वाटले.

मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि सोडियम जवळजवळ नसतेच. आपल्याकडची वेलची केळी लहान, त्यामुळे त्यांत पोटॅशियमही त्या मानाने कमी. हे पोटॅशियम मूत्रपिंडाला जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला लावते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू सैल करायला मदत करते; दोन्हींचा कल दाब उतरवण्याकडेच आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यायला सांगते, ती याच कारणाने, म्हणजे वाढलेल्या रक्तदाबासाठी. चढलेला दाब उतरवणारे आणि उतरलेला दाब चढवणारे एकच औषध माझ्या दुकानाच्या फडताळात तरी कधी नव्हते. अर्थात यावरून कमी रक्तदाबाच्या माणसाने केळ्याला घाबरण्याचेही कारण नाही. एखाद्या केळ्याने कोणाचा दाब कोसळत नाही, आणि मूत्रपिंडे धडधाकट असतील तर ती जादा पोटॅशियम बाहेर टाकतात. केळे आवडीने खावे. औषध म्हणून खाऊ नये, एवढेच.

मग ‘केळे दिले आणि बरे वाटले’ हा अनेकांचा अनुभव खोटा का? नाही, पण त्याचे श्रेय केळ्याला जात नाही. सकाळच्या लोकलमध्ये एखादीला घेरी येते. घरून निघताना तिने काही खाल्लेले नसते, आणि स्थानकावरच्या स्वच्छतागृहात जाण्याची वेळ येऊ नये म्हणून पाणीही मुद्दाम टाळलेले असते. डब्यातल्या बायका तिला बसायला जागा करून देतात, खिडकीपाशी वारा मिळतो, कोणी पाण्याची बाटली पुढे करते, कोणी केळे सोलून देते. दहा-पंधरा मिनिटांत ती सावरते. तिला सावरते ते बसणे, पाणी आणि गेलेला वेळ. रक्तातली साखर उतरलेली असेल तर केळ्यातल्या साखरेची थोडी मदत होते, पण तो वेगळा बिघाड आहे आणि तिथे साखरपाणी अधिक लवकर काम करते. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात केळे कोंबणे तर सरळ धोक्याचे, कारण घास श्वासनलिकेत अडकू शकतो. अशा वेळी आडवे निजवून पाय उंच ठेवावेत आणि पूर्ण भान आल्यावरच पाणी द्यावे.

माझी खरी काळजी ज्येष्ठांविषयी आहे. दुकानात नेहमी दिसणारे चित्र असे : एका कागदावर रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी, तर दुसऱ्या डॉक्टरांच्या कागदावर प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असतात. पण या तिन्ही गोळ्यांनी दाब उतरू शकतो, आणि ते कागद शेजारी-शेजारी ठेवून कोणी पाहिलेले नसते. रात्री लघवीला उठताना काकांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, घरचे म्हणतात ‘लो झालं’, आणि दुसऱ्या दिवसापासून केळी सुरू होतात, सोबत शहाळे. येथे आपल्या चौकटीतला सल्ला निरुपयोगी राहत नाही, तो अपायकारक ठरू शकतो. टेल्मिसार्टनच्या जातीची औषधे, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळीही, शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. त्यात मूत्रपिंडे कमजोर असली तर केळी आणि शहाळ्यांच्या रोजच्या रतिबाने रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. काकांना गरज असते ती गोळ्यांची मात्रा आणि वेळा डॉक्टरांकडून तपासून घेण्याची. गोळी स्वतःहून बंद करणे हाही त्यावरचा उपाय नव्हे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. वयस्कर माणसांत भरपेट, विशेषतः पिष्टमय आणि गोड जेवणानंतर रक्ताचा ओघ आतड्यांकडे वळतो आणि पुढच्या दोन तासांत दाब बराच उतरू शकतो. मे महिन्यात आमरस-पुरीच्या जेवणावरून उठताना आजोबा लटपटले, तर उन्हाला दोष देण्यापूर्वी हेही आठवावे. थोडे-थोडे जेवणे, जेवणापूर्वी पाणी पिणे आणि लगेच न उठणे याने फरक पडतो. श्रावणात केळी आणि साबुदाण्यावर उपास करताना पाणी आणि मीठ दोन्ही कमी जाते, दाबाच्या गोळ्या मात्र चालूच असतात. उपास धरण्यापूर्वी याविषयी डॉक्टरांशी बोलून घेतलेले बरे.

९०/६० पेक्षा कमी आकडा दिसला की आजार, असेही नाही. अनेक सडपातळ तरुणींचा दाब कायमच तेवढा असतो आणि त्यांना काही त्रास नसतो. त्रास असेल तर मात्र कारण शोधावे लागते : जुलाब-उलट्या, पाणी कमी पडणे, औषधे, रक्तस्राव, हृदयविकार. जुलाबांत नुसत्या शहाळ्यावर भागत नाही, कारण त्यात सोडियम कमी पडते. ओआरएसची पुडी लागते. छातीत दुखणे, काळी शौचास होणे, बोलणे अडखळणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही असेल तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मीठ वाढवण्याचा सल्लाही हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी परस्पर अमलात आणू नये.

आपणांस विनंती अशी की, सदर चौकटीची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी आणि यापुढे असे उपाय डॉक्टरांच्या नजरेखालून गेल्यावरच प्रसिद्ध करावेत. ज्येष्ठ नागरिक संघांनाही एक सुचवावेसे वाटते. तपासणी शिबिरांत दाब बहुधा खुर्चीवर बसवून एकदाच मोजला जातो. तो पाच मिनिटे आडवे निजवून आणि नंतर उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजला, आणि वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरलेला आढळला, तर ती नोंद त्या व्यक्तीच्या गोळ्यांच्या यादीसह डॉक्टरांकडे जायला हवी. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, माणशी काही मिनिटे अधिक लागतात.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)