सातवा टक्

काका,
नमस्कार.

हे पत्र चार लोकांसमोर लिहितेय म्हणून तुमचं नाव घालत नाही. तुम्हीच बजावलंत, "नाव-बिव नको ताई, माणसं माळ्यावरचं सगळं भंगार घेऊन येतील." म्हणून नुसतं काका. दुकान कोल्हापुरात आहे एवढं मात्र लिहिते. त्यावरून कुणी शोधलंच तुम्हाला, तर माझा नाइलाज.

त्या दिवशी तुमच्यासमोर धड बोलता आलं नाही. साडेतीनशे रुपये काउंटरवर ठेवले, "येते" म्हणाले आणि सुटले. पायऱ्या उतरल्यावर ध्यानात आलं की आभार मानायचे राहिले. परत फिरायला हवं होतं, पण तोवर डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तुमच्या समोरचा चहावाला टक लावून बघत होता. म्हणून हे पत्र.

तुम्ही दुरुस्त करून दिलीत ती कॅसेट माझ्या थोरल्या भावाची, दादाची. 1989 साली तो सांगलीला वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंगला होता. हॉस्टेलवरच्या एका मित्राच्या मामानं लंडनहून रेकॉर्ड आणली होती, पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडची 'विश यू वर हिअर'. रेकॉर्ड 1975 ची, पण आमच्याकडं या गोष्टी सावकाश पोचायच्या. दादानं ती नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतली. अल्बम 44 मिनिटांचा आणि कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची. "बघ, आपल्यासाठीच मापून केलाय," असं तो कौतुकानं सांगायचा, जणू त्या लोकांनी लंडनमध्ये बसून वालचंदच्या हॉस्टेलचा विचार केला होता.

कॅसेटच्या पुठ्ठ्यावरचं चित्र तुम्ही पाहिलंत आणि हसलात. ते दादानंच काढलंय. मूळ कव्हरवर सुटातली दोन माणसं हस्तांदोलन करतायत आणि त्यातला एक पेटलेला आहे. कॅमेऱ्याची करामत नाही ती, रॉनी रॉन्डेल नावाच्या स्टंटमननं खरोखर आग लावून घेतली होती. दादाकडं निळं पेन होतं आणि आगीपुरतं तपासणीचं लाल. त्यामुळं आमच्या पुठ्ठ्यावरचा माणूस पेटलेला कमी आणि तुरेवाला फेटा बांधून लग्नाला निघालेला जास्त दिसतो.

सुट्टीत तो घरी आला की कॅसेट वाजायची, आणि बाबांचं सुरू व्हायचं. पहिलं गाणं तुम्ही आता ऐकलंच आहे. आठ मिनिटं उलटून जातात तरी गाणारा तोंड उघडत नाही. बाबा आतल्या खोलीतून विचारायचे, "गायक एस्टीनं यायचाय काय?" दादा म्हणायचा, "अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात राहून आलापाला हसताय?" त्यावर बाबांकडं उत्तर नसायचं. एकदा तर शीर्षकाचं गाणं लागलं आणि त्यांनी अंघोळीतून ओरडून सांगितलं, "अरे, स्टेशन नीट लाव की!" त्यांचंही काही चुकलं नाही. त्या गाण्याची सुरुवातच रेडिओची सुई फिरवल्यासारखी आहे. बँडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मोर, त्याच्या गाडीतल्या रेडिओवरून ते आवाज घेतले होते. खरखर, कुणाचं तरी बोलणं, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीचा एक तुकडा, आणि मग पत्र्याच्या डब्यातून यावी तशी बारीक गिटार. आमच्या घरी सांगली केंद्र लावताना अगदी असंच व्हायचं, म्हणून मला तर ते गाणं पहिल्यापासून घरचंच वाटलं. इंग्रजी शब्द फार कळायचे नाहीत, मी नववीत होते.

आणि ती चार सुरांची शीळ. पहिल्या गाण्यात गिटार चार सूर सोडते आणि थांबते, पुन्हा तेच चार सोडते. दादानं ती शीळ उचलली ती कायमची. आमच्या दाराची बेल त्यानं कधी दाबल्याचं मला आठवत नाही. खिडकीखालून चार सूर आले की आई चहाचं आधण वाढवायची. पुढं तो शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत लागला, लग्न झालं, केस गेले, शीळ राहिली. माझ्या सासरीसुद्धा तो असाच यायचा. सासूबाईंना पहिल्यांदा वाटलं, कुणी टवाळ पोरगं आहे.

2022 मध्ये तो गेला. शेवटच्या दोन महिन्यांतलं एकच सांगते, कारण ते या कॅसेटशी जोडलेलं आहे. मी वॉर्डात त्याला भेटायला गेले आणि त्याच्या खाटेवरून सरळ पुढं निघून गेले. औषधांनी चेहरा सुजला होता, भुवयासुद्धा राहिल्या नव्हत्या. मी पुढच्या खाटेपाशी उभी राहून इकडंतिकडं बघतेय, आणि मागून चार सूर आले. शीळ कसली, नुसती हवा होती ती. पण चार होते.

हा अल्बम ज्याच्या आठवणीत केला, त्या सिड बॅरेटचंही असंच झालं होतं. बँडचा तो पहिला म्होरक्या, मन ताळ्यावर राहीनासं झालं म्हणून 1968 मध्ये बाजूला पडलेला. 5 जून 1975 ला हे लोक अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्याच्यावरच्या गाण्याचं काम करत असताना एक जाडा, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस आत येऊन उभा राहिला. बराच वेळ त्याला कुणी ओळखलं नाही. तो सिड होता. दादानं मला हे हॉस्टेलच्या दिवसांत सांगितलं होतं, आणि मी म्हणाले होते, "हॅ, आपल्या माणसाला कुणी ओळखणार नाही होय?"

असो.

तर मागच्या दिवाळीत साफसफाई करताना कॅसेट सापडली. मी उतावळी, जुन्या टू-इन-वनमध्ये घातली आणि त्यानं ती खाल्ली. झाकण उघडलं तर आत शेवया. पेन्सिल घालून गुंडाळली कशीबशी, रबरबँड लावला आणि दुरुस्तीला माणूस शोधत निघाले.

पहिला भेटला तो म्हणाला, "फेका ओ मॅडम, मोबाईलवर सगळं फुकट हाय." त्याच्यावर माझा राग नाही. तो निदान खरं बोलला.

राग दुसऱ्यावर आहे. चकचकीत काचेचं दुकान, एसी, भिंतीवर गिटार टांगलेली. जुन्या कॅसेटचं डिजिटल करून देतो म्हणाला, दीड हजार आगाऊ घेतले, तीन आठवडे "उद्या या, परवा या" केलं आणि एक पेन ड्राइव्ह हातात ठेवला. घरी येऊन लावला. आवाज काय स्वच्छ! धुतल्या तांदळासारखा. आणि मला काहीतरी टोचायला लागलं. दादानं रेकॉर्ड उलटी करताना पॉजचं बटण दाबलेलं, त्याचा खट् आवाज दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये आहे. तो नव्हता. शीर्षकाच्या गाण्यात मित्राच्या रेकॉर्डवरच्या ओरखड्याचे टक्‌टक् आवाज आहेत, तेही नव्हते. मी परत गेले. "मॅडम, आम्ही नॉईज काढला," म्हणाला, वर उपकार केल्यासारखा हसला. मग मी कॅसेट मागितली. माझा रबरबँड, मी मारलेल्या दोन वेढ्यांसकट, जसाच्या तसा. त्या गृहस्थानं कॅसेट उघडलीसुद्धा नव्हती. कुठून तरी गाणी उतरवून माझ्या गळ्यात मारली होती, आणि या बाईला काय फरक कळणार, असं धरून चालला होता.

तुमच्याकडं आले ती अशी, अर्धी भांडणाच्या तयारीत. तुम्ही कॅसेट हातात घेतलीत, उजेडाकडं धरलीत, नखानं खालची बारीक पट्टी दाखवलीत. "हितला फेल्ट पडलाय, म्हणून आवाज दबलाय. आतली टेप चुरगळलीय, पण जगंल." जगंल! कॅसेटला हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पैसे आगाऊ घेतले नाहीत, पावती दिली नाहीत, कधी होईल तेही सांगितलं नाहीत. पुढं तुम्ही काय काय केलंत ते मला कळलं नाही आणि इथं लिहीतही नाही. नवी खोकी घातलीत एवढं दिसलं.

मला लिहायचंय ते तुमच्या फोनबद्दल.

मंगळवारी दुपारी मी बँकेत काउंटरवर होते. समोर पेन्शनरांची रांग. एरवी मी अनोळखी नंबर उचलत नाही, त्या दिवशी का उचलला कोण जाणे. तुम्ही म्हणालात, "ताई, एक इचारायचं होतं. त्यो खोकला होतो न्हवं गाण्यात, त्याच्याफुडं टक्‌टक् येतंय. सात हायत. मी आधी म्हटलं माझ्या हातनं काय झालं काय. मग घड्याळ लावून बघितलं. दोन टक्‌च्या मधी दोन सेकंदाला जरा कमीच. म्हंजे रेकॉर्ड फिरतीय, आणि दर फेऱ्याला ओरखडा सुईखाली येतोय. तुमच्या कॅसेटचा दोष न्हाई त्यो, मूळ रेकॉर्डचा हाय. म्हटलं इचारावं. ठेवायचे न्हवं?"

काका, मी हो म्हणाले की नुसती मान हलवली, मला आठवत नाही. फोनवर मान हलवून काय उपयोग. पेन्शनरांनी मात्र पहिल्यांदाच घाई केली नाही.

मी संध्याकाळी तुमचं गणित करून पाहिलं. एलपी, म्हणजे तसली मोठी रेकॉर्ड, मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. बरोबर होतं. पण गणिताचं सोडा. दुसऱ्याच्या वस्तूतला दोष कुणाचा, आपला की त्याचा की त्याच्याही आधीच्या कुणाचा, हे तुम्ही घड्याळ लावून बघत बसलात. आणि बघितल्यावरही हात लावायच्या आधी विचारलंत. तुम्हाला दादा माहीत नव्हता, मी काही सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानंसुद्धा मला इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही, हे ठेवायचं ना म्हणून. रद्दीत टाकून मोकळा होतो. (तो हे वाचेल. वाचू दे.)

त्या गाण्यातला खोकलाही मूळचाच, माहितीये तुम्हाला? रेडिओवरची बारीक गिटार ऐकत कुणीतरी खोलीत बसलंय, खोकतंय, श्वास ओढतंय आणि मग आपली गिटार घेऊन त्या गिटारीला साथ करतंय. तो गिल्मोर. एवढा मोठा स्टुडिओ, एवढी यंत्रं, पण तो खोकला त्यांनी राहू दिला. त्याच गाण्यात स्टीफान ग्रापेली नावाच्या नामांकित व्हायोलिनवाल्याला बोलावून वाजवून घेतलं आणि ते मात्र इतकं मागं ढकललं की कान देऊनही जवळपास ऐकू येत नाही. 2011 मध्ये वेगळं बाहेर काढलं तेव्हा लोकांना ते नीट ऐकायला मिळालं. काय ठेवायचं आणि काय दाबायचं, यात त्यांचं डोकं कसं चालायचं देव जाणे. मला व्हायोलिनपेक्षा खोकला बरा वाटतो, पण मी काही जाणकार नव्हे.

चांगुलपणा म्हटलं की आपल्याकडं रक्तदान, पूरग्रस्तांना मदत असलं मोठं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. 2019 च्या महापुरात ते आपण पाहिलंही, अनोळखी माणसं होडीतून दूध पोचवत होती. पण रोजच्या धंद्यात, गिऱ्हाईक समोर नसताना, त्याला कधीच कळणार नाही अशा ठिकाणी नीट वागणारी माणसं किती असतील? शिंपी असतात, आतली शिलाईसुद्धा सरळ घालणारे. आमच्या बँकेत एक शिपाईमामा होते, रद्दीत जाणाऱ्या कागदांच्याही टाचण्या काढून ठेवायचे, कुणाला टोचू नयेत म्हणून. आम्ही हसायचो त्यांना. आता हसू येत नाही.

दीड हजारवाल्याचं मी काय करायचं, असं मुलगा विचारत होता. तक्रार कर म्हणाला, ऑनलाइन एक स्टार दे म्हणाला. बघू. सध्या मला त्याच्यावर वेळ घालवायचा नाही.

आता जे लिहायचं होतं ते. फोनवर तुम्ही सात म्हणालात तेव्हा मी काही बोलले नाही, पण मनात म्हटलं, काकांची मोजदाद चुकली. कारण टक् सहा आहेत. 1989 पासून मला माहीत आहे, सहा. दादा आणि मी ते टेबलावर बोटानं वाजवायचो, खोकला झाला की थांबायचं आणि मग एक, दोन, तीन, सहापर्यंत. सहावा झाला की तो माझ्या डोक्यात टपली मारायचा. हा आमचा खेळ होता.

शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर मुलाचे हेडफोन लावले आणि ऐकलं. खोकला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. माझा हात आपोआप डोक्याकडं गेला. पुन्हा मागं घेतली. पुन्हा सहा. तिसऱ्यांदा घड्याळ समोर ठेवलं, सहाव्यानंतर दोन सेकंदाला जरा कमी मोजले, आणि तिथं बरोबर गिटारच्या तारेवर बोट पडतं. त्या तारेच्या आवाजाखाली, अगदी तळाला, मुंगीनं पाय आपटावा तसा एक टक् आहे.

आम्हा दोघांना तो कधी सापडला नाही, काका. तुम्हाला कसा ऐकू आला?